कच्च्या कार्डावरचा शेरा

ब्लॉग कुणी लिहायचा हे ठरवायला शटर कंपनीत तीन बैठका झाल्या. पहिल्या दोन नुसत्या चहात गेल्या. मालकांचं म्हणणं, आपण दुकानांना आणि गोदामांना लोखंडी शटरं बसवणारी माणसं, आपल्याला लेख कशाला हवेत? विक्रीप्रमुखांचं म्हणणं, लेख हवेच असतील तर ते मालकांच्या फोटोखाली हवेत. मालकांची सून मात्र हटत नव्हती. चार महिन्यांपूर्वी ती ऑफिसात येऊन बसायला लागली होती आणि तेव्हापासून तिचं एकच टुमणं होतं. लोक हल्ली शटर घ्यायच्या आधी कंपनीबद्दल वाचतात आणि आपल्याबद्दल वाचायला एक ओळ नाही.

तिसऱ्या बैठकीत तिनंच तोड काढली. ज्याला लिहायचंय त्यानं एक पान लिहून द्यावं, खाली नाव घालू नये, आणि सगळी पानं सगळ्यांसमोर वाचायची. तीन पानं आली. एक बाहेरच्या जाहिरात एजन्सीचं होतं, त्यात शटर एकदा होतं आणि स्वप्नं सात वेळा. दुसऱ्यात मालकांची इतकी तारीफ होती की ऐकता ऐकता मालकच खुर्चीत चुळबुळायला लागले, आणि ते कुणी लिहिलंय हे कळायला नावाची गरजच पडली नाही. विक्रीप्रमुख तेवढ्यापुरते खिडकीबाहेर बघत बसले. तिसरं पान एका बेकरीच्या शटराबद्दल होतं. ते रोज पहाटे एवढं किंचाळायचं की शेजारच्यांनी घड्याळाला गजर लावणंच सोडून दिलं होतं. कंपनीच्या माणसानं जाऊन ते गप्प केलं, तर दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली उशिरा उठली. वाचून होईपर्यंत मालक दोनदा हसले. ते पान बाईंचं निघालं.

बाई म्हणजे ऑफिसच्या टायपिस्ट. बावीस वर्षं त्या एकाच खिडकीशी बसत होत्या. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, बाई तिथेच. मेकॅनिक मंडळी दिवसभर शटरं तपासत हिंडायची आणि प्रत्येक ठिकाणी एक गुलाबी कार्ड भरायची. काय तपासलं, काय बदललं, आणि खाली शेरा लिहायला चार ओळी. त्या ओळींत जो तो आपल्या भाषेत काय वाटेल ते खरडायचा. ते कच्चं. बाई ते नीट भाषेत टाइप करायच्या, ते पक्कं. पक्कं ग्राहकाकडे जायचं आणि फायलीत लागायचं. कच्च्याचा महिन्याच्या महिन्याला गठ्ठा बांधून माळ्यावर फेकला जायचा. कार्डावर 'या माणसाने जन्मात ग्रीस बघितलं नाही' असं असलं की बाई लिहायच्या, 'नियमित वंगणाची आवश्यकता आढळली'. मेकॅनिक त्यांना पाठीमागे इस्त्रीबाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

आपलं पान निवडलं गेलं हे ऐकून बाईंची दातखीळच बसली. बावीस वर्षांत त्यांनी हजारो पानं लिहिली होती, पण सगळी दुसऱ्यांची. स्वतःच्या नावानं चार ओळी छापून येतील असं त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं, म्हणजे आलं होतं, पण ते त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मालक म्हणाले, ठरलं, ब्लॉग बाई लिहितील. टाळ्या पडल्या.

मग कसं लिहायचं ते सुनेनं सांगितलं. कंपनीचं कौतुक करायचं नाही. दर आठवड्याला एक खरा प्रसंग. शटराचं काय बिघडलं होतं आणि आपल्या माणसानं काय केलं, बस्स. "तुमचे टाइप केलेले रिपोर्ट मी वाचले बाई," ती म्हणाली. "छान आहेत, पण सगळे एकाच माणसानं एकाच दिवशी लिहिल्यासारखे वाटतात. ती हातानं लिहिलेली कार्डं आहेत का कुठे?"

बाईंना जरा लागलं. कच्च्या कार्डांत काय बघायचंय? पण पहिलंच काम, त्यात नाही कसं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साडीला टॉवेल खोचून शिडीनं माळ्यावर चढल्या.

माळ्यावर धूळ होती, जुने फलक होते, आणि सुतळीनं बांधलेले गठ्ठे भिंतीपर्यंत रचलेले होते. बाई एका खोक्यावर बसल्या आणि हाताला येईल तो गठ्ठा सोडत गेल्या. पहिला अर्धा तास मजेत गेला. कुणी लिहिलं होतं, 'मोटर ठीक, मालक बिघडलेला.' कुणी नुसतं एका मांजराचं चित्र काढून खाली बाण केला होता, 'ही शटराच्या पेटीत राहते.' बाई एकट्याच हसत होत्या आणि चांगली चांगली कार्डं बाजूला काढत होत्या. मग एका गठ्ठ्यावरचा महिना त्यांनी वाचला आणि त्यांचा हात थांबला.

तो महिना कंपनीत कुणी विसरलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्या महिन्यात एका मोठ्या गोदामाचं अठरा फुटी शटर स्प्रिंग तुटून खाली आलं होतं. सकाळची वेळ, गोदामाचा पहारेकरी चहाचा कप घेऊन आत येत होता. बाकी सगळा आत आला, डावा पाय मागे राहिला. पाऊल डॉक्टरांना वाचवता आलं नाही. त्याच्या नऊच दिवस आधी कंपनीचा माणूस ते शटर तपासून गेला होता, आणि फायलीतल्या रिपोर्टात धोक्याचा शब्दही नव्हता.

तो माणूस म्हणजे स्प्रिंगमामा. शटराच्या दांड्यावर स्प्रिंग चढवणं हे जिवावरचं काम, हात सुटला तर बोटं जातात, आणि मामा ते नुसत्या आवाजावरून करायचे. मी लिहिलं होतं, असं मामा तेव्हा म्हणाले होते. रिपोर्टात नव्हतं. मालकांनी त्यांना काढलं नाही, पण हातातला पाना काढून घेतला आणि कंपनीच्या गोदामात सुट्या भागांच्या खिडकीवर बसवलं. तेव्हापासून मामा तिथेच होते, ज्याला जे लागेल ते मोजून द्यायचे.

बाईंनी सुतळी सोडली. आपण का सोडतोय हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. कार्डं तारखेनं लावलेली होती. अकरावं कार्ड मामांचं होतं. ठसठशीत, शाळकरी अक्षर, पेन दाबून लिहिलेलं.

'स्प्रिंगच्या पट्टीला तडा आहे. आठवडा काढेल न काढेल. बदलेपर्यंत शटर वर घेऊन साखळीने बांधा. खालून कुणी ये-जा करू नये. धोका.' आणि धोक्याखाली दोन रेघा.

 बाईंनी कार्ड उलटं केलं, परत सुलटं केलं. तारीख तीच, गोदाम तेच. लिहिलं होतं. माणसानं सरळ लिहिलं होतं, आणि खाली दोन रेघाही मारल्या होत्या. मग ते गेलं कुठे?

शिडी उतरून त्या तडक फायलींच्या कपाटाशी गेल्या. पक्का रिपोर्ट सापडायला मिनिटभरही लागलं नाही, कारण फायली लावण्यात बाईंचा हात कुणी धरला नसता. 'स्प्रिंगची स्थिती पाहता नजीकच्या काळात ती बदलून घेणे हितावह ठरेल. शटरखालील वर्दळ शक्यतो मर्यादित ठेवावी.' सुबक वाक्यं. एकही चूक नाही. गोदामवाल्यांनी ती वाचली असतील आणि नजीकच्या काळातल्या कामांच्या यादीत स्प्रिंग लिहून टाकली असेल. 

त्यांनी हे मुद्दाम केलं नव्हतं. म्हणजे केलं मुद्दामच होतं, पण वाईट हेतूनं नाही. कामावर लागल्या त्या दिवशी थोरल्या मालकांनी, आताच्या मालकांच्या वडिलांनी, त्यांना सांगितलं होतं की ग्राहकाला कधी घाबरवायचं नाही. बाईंनी ते बावीस वर्षं पाळलं. दिवसाला दहा-बारा कार्डं यायची, हात आपोआप चालायचे. धोका आला की हितावह, आजच आला की नजीकच्या काळात. त्या कार्डाशी आपण क्षणभर थबकलो होतो का, हे त्यांनी खूप आठवून बघितलं. आठवलं नाही. त्यालाच त्या सगळ्यात जास्त घाबरल्या.

दुपारी त्या पुन्हा माळ्यावर गेल्या आणि आणखी चार गठ्ठे सोडले. धोक्याची कार्डं सात सापडली. सातही रिपोर्टांत धोका नव्हता. ती सात शटरं पडली नाहीत, यात बाईंचा काही पराक्रम नव्हता.

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा, शिकाऊ माणसांशेजारी आयुष्य गेल्यामुळे घरातही तो ब्रेकवर पाय ठेवूनच बोलायचा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तुझा काय दोष, म्हणाला, थोरल्यांनी शिकवलं तसं तू केलंस. बाईंना जरा बरं वाटलं. मग तो भाजी चिरता चिरता थांबला.

"पण तेव्हा मालकांनी कुणालातरी विचारलं होतं ना, यानं लिहिलं होतं का म्हणून? तूच आलीस ना सांगत, मला विचारलं, माझ्या शब्दावर सगळं ठरलं?"

 बाई विसरल्या नव्हत्या, पण सकाळपासून त्या त्याच्या कडेकडेनं चालत होत्या. मालकांनी त्यांना खोलीत बोलावलं होतं. मामा म्हणतो मी लिहिलं होतं, बाई, तुमचं काय म्हणणं? गठ्ठा माळ्यावर पडला होता, शिडी लावून पाच मिनिटांत आणता आला असता. पण बाईंना तो प्रश्नच अपमानाचा वाटला होता. लिहिलं असतं तर रिपोर्टात आलं असतं, साहेब, माझ्या हातून शब्द सुटत नाही. एवढं बोलून त्या बाहेर आल्या, आणि संध्याकाळी घरी येऊन ते ऐटीत सांगितलंसुद्धा.

"मामांना माहितीय, तू सांगितलंस ते?" नवऱ्यानं विचारलं.

बाईंनी मान हलवली. ऑफिसात मालक आणि त्या, दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

सकाळी त्या ऑफिसात न जाता सरळ गोदामाकडे गेल्या. मामा खिडकीमागे स्टुलावर बसले होते, समोर तीन डब्यांत तीन मापांचे नट. बाई महिन्यातून दोनदा तिथे कागदाची रिमं न्यायला यायच्याच, तेव्हा मामांनी त्यांना बघून सवयीनं वही पुढे केली. बाईंनी वहीवर कार्ड ठेवलं. रात्रभर त्यांनी काय काय ऐकून घ्यायची तयारी केली होती. मामा ओरडतील, कार्ड तोंडावर फेकतील, मालकांकडे धाव घेतील. काहीही झालं तरी मान खाली घालून उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मामांनी चष्मा लावला. कार्ड वाचलं. दोनदा वाचलं, आणि रेघांवरून अंगठा फिरवला.

"हे माझं अक्षर आहे," ते म्हणाले. विचारल्यासारखंच म्हणाले.

"हो."

"म्हणजे लिहिलं होतं मी."

बाईंना काही कळेना. "लिहिलं होतंच ना, मामा. तुम्ही तेव्हाही सांगत होता."

"सांगत होतो, पहिले दोन-तीन महिने." मामा कार्डाकडेच बघत होते. "मग वाटायला लागलं, एवढी शिकलेली माणसं म्हणतायत तर नसेलच लिहिलं. घाईत राहिलं असेल. बायको म्हणायची, माणूस आहे, विसरतो कधी. मलाही मग तसंच आठवायला लागलं बघा. पेन खिशात होतं आणि काढलंच नाही, असं. त्या पहारेकऱ्याच्या घरी जाऊन मी माफी मागून आलो, माझ्याकडून लिहायचं राहिलं म्हणून. दर दोन महिन्यांनी जातो अजून."

 एका माणसाचं काम गेलं, मान गेला, हे बाईंना कालपासून ठाऊक होतं. पण त्याची आठवणसुद्धा आपण इस्त्री करून टाकली, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. खिडकीच्या कडेला टेकून त्यांनी कसंबसं सांगितलं, की कार्डावर धोका होता, तो टाइप करताना त्यांनी काढला. मामांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग शोधून सापडत नव्हता.

"तुम्ही नेहमीच बदलायचात की," ते म्हणाले. "चांगलं दिसायचं ते."

बाईंना रडू आलं, पण ते मामांसमोर यावं एवढीही आपली लायकी नाही असं वाटून त्यांनी ते गिळलं. दुसरी गोष्ट सांगायची राहिलीच होती, मालकांच्या खोलीतली. तोंड उघडलं, पण शब्द बाहेर पडेना. तेवढ्यात एक मेकॅनिक बेअरिंग मागायला आला आणि बाई तिथून निघाल्या. जाताना मामांनी हाक मारली आणि विचारलं, हे कार्ड एक दिवस घरी नेलं तर चालेल का, बायकोला दाखवायचं होतं. बाई हो म्हणाल्या आणि जवळजवळ पळतच ऑफिसात आल्या.

बैठक बाईंनीच बोलवायला लावली. आदल्या दिवशीच काढून ठेवलेली कार्डाची प्रत आणि पक्का रिपोर्ट त्यांनी मालकांसमोर शेजारी शेजारी ठेवला. मालक तापट माणूस, काहीतरी फुटणार असं सगळ्यांना वाटलं. पण मालक एकदा इकडे, एकदा तिकडे वाचत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.  विक्रीप्रमुखांनी घसा खाकरला आणि म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, कार्ड होतं तिथे ठेवून द्यावं, ब्लॉगला प्रसंग काय कमी आहेत.

"पहिला ब्लॉग हाच," सून म्हणाली.

विक्रीप्रमुख म्हणाले की असा ब्लॉग वाचून कुणी आपल्याकडून कडी-कोयंडासुद्धा घेणार नाही. मालकांनी दोघांनाही हातानं थांबवलं. आधी त्या पहारेकऱ्याकडे जायचं, म्हणाले, जगाला काय सांगायचं ते मागाहून. त्याच दुपारी ते स्वतः गेले, बाईंना घेऊन.

पहारेकरी आता एका शाळेच्या दारात बसायचा, काठी भिंतीला टेकवून. मालकांनी सगळं सांगितलं, अडखळत, पण काही न लपवता. आमच्या माणसानं लिहिलं होतं, आमच्या ऑफिसातून ते तुमच्या गोदामापर्यंत गेलं नाही. पहारेकऱ्यानं ते ऐकून घेतलं. त्याला धक्का बसलेला दिसत होता, पण भलत्याच गोष्टीचा.

"मग तो मामा सहा वर्षं माफी कशाची मागतोय?" त्यानं विचारलं.

  परत आल्यावर ऑफिसच्या दाराशी उतरता उतरता मालक म्हणाले, लिहा, सगळं लिहा, आणि मामाला उद्यापासून कामावर घ्या. त्याचं काम, पाना आणि सगळं.

मग पुन्हा तोच प्रश्न आला, कुणी लिहायचं. सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंना वाटलं होतं हे सांगताना जड जाईल, पण गेलं नाही. मी नाही, त्या म्हणाल्या, मामा. विक्रीप्रमुख म्हणाले, त्याला कुठे लिहिता येतं? बाईंनी सांगितलं की मामांनी चार ओळी लिहिल्या होत्या आणि चारही कळत होत्या, न कळणारं आपण लिहिलं होतं. शेवटी असं ठरलं की मामा तोंडानं सांगतील, बाई टाइप करतील, आणि त्यातला शब्द कुणी बदलायचा नाही. ब्लॉगच्या वर नाव मामांचं. सुनेनं ते कागदावर लिहून भिंतीला लावलं.

बैठक संपल्यावर मालकांनी बाईंना मागे थांबवलं. दार लावून घेतलं.

"तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, ते तुमच्या-माझ्यात आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "तिथेच राहू द्या. चूक माझी, मी गठ्ठा उघडून बघायला हवा होता. तुमची नोकरीची दोन-तीन वर्षं राहिलीत, उगाच कशाला?"

हे त्यांनी मायेनंच सांगितलं होतं. बाईंनी मान डोलावली, आणि त्या क्षणी त्यांना हायसं वाटलं. ते वाटलं याची लाज त्यांना जिना उतरता उतरता वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी मामा बाईंच्या खिडकीशेजारी खुर्ची ओढून बसले. पाना मागच्या खिशात परत आला होता, त्यामुळे त्यांना नीट टेकता येत नव्हतं. कार्ड त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत आणलं होतं. बायको काय म्हणाली, हे बाईंनी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. बोलायची सवय नसलेला माणूस, एकेक वाक्य मनात जुळवून मगच सांगायचा.

"त्या दिवशी मी शटर तपासलं. पट्टीला तडा होता. तसं कार्डावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या." बाईंनी टाइप केलं. "माझी चूक अशी, की लिहून मी निघून गेलो. साखळी मीच बांधून जायला हवी होती."

हे खोडायला बाईंची बोटं शिवशिवली. त्यांनी खोडलं नाही.

"कार्ड ऑफिसात गेलं. तिथे बाईंनी टाइप करताना त्यातला धोका काढला." मामा थांबले. "असं घालू ना?"

"घाला," बाई म्हणाल्या.

"नऊ दिवसांनी शटर पडलं. एका माणसाचा पाय गेला. मालकांनी चौकशी केली." मामांनी भिंतीवरच्या कागदाकडे बघत पुढचं वाक्य जुळवलं. "कुणीतरी त्यांना सांगितलं, की यानं काही लिहिलंच नव्हतं."

बाईंची बोटं थांबली. वाक्य पडद्यावर होतं, मामांनी सांगितलं तसं, शब्दाला शब्द. नियमाप्रमाणे त्याला हात लावायचा नव्हता. हात लावला नसता तर कुणी काही म्हणालंही नसतं. मामांनाच कुणावर बोट ठेवायचं नव्हतं. त्यांनी त्या कुणालातरी कधी शोधलं नव्हतं, एवढी मोठी माणसं म्हणतायत म्हणून स्वतःलाच शोधत बसले होते.

बाईंनी 'कुणीतरी' हा शब्द खोडला. तिथे स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट, आणि वाक्य त्या नावाला जुळेल असं नीट करून पडदा मामांकडे वळवला.

मामांनी चष्मा लावला. वाचायला त्यांना वेळ लागला. वाचून झाल्यावरही ते तिथेच बघत राहिले, मग बाईंकडे वळले, आणि आदल्या दिवशी गोदामात शोधूनही न दिसलेलं काहीतरी आता त्यांच्या चेहऱ्यावर यायला लागलं.

"तुम्ही?"

"हो. मी."

"महिन्यातून दोनदा रिमं न्यायला यायचात," मामा म्हणाले.

बाईंनी मान खाली घातली नाही. मामांनी चष्मा काढला.  

"खोडू नका ते," शेवटी ते म्हणाले. "आता पुढचं लिहा. त्यानंतर मी सहा वर्षं नट मोजले."